शांततेचे आवाहन लिहायचे असेल तर

युद्ध भडकले की आठवडाभरात धर्मसंस्थांची पत्रके निघू लागतात. तीव्र चिंता व्यक्त होते, सर्व संबंधितांनी संयम पाळावा असे सांगितले जाते, शांतता नांदो अशी प्रार्थना केली जाते आणि वाचणारा मान डोलावून पान उलटतो. या पत्रकांमागची कळकळ खरी असते, हे मी अनेक मसुद्यांवर हात फिरवताना जवळून पाहिले आहे. पण बहुतेक पत्रकांत कोणाकडेही काहीही मागितलेले नसते आणि जिथे काही मागितलेलेच नाही तिथे नकार देण्याचीही कोणाला गरज पडत नाही. पुढील मार्गदर्शन एखाद्या प्रार्थनास्थळाची समिती, आंतरधर्मीय गट किंवा एखादे धर्मगुरू यांच्यासाठी आहे, ज्यांना दोन-चार दिवसांत असे आवाहन लिहायचे आहे आणि ते पोकळ राहू नये असे ज्यांना वाटते.

मागणी आधी, मजकूर नंतर

लिहायला बसण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात कागदावर उतरवावे: हे पत्र ज्याच्या हातात पडेल त्याने येत्या सोमवारी सकाळी नेमके काय करावे, असे आपले म्हणणे आहे? उत्तर ‘शांतता प्रस्थापित करावी’ असे आले तर अजून लिहायला बसू नये. शांतता हा शेवट आहे आणि तो कोणत्याही एका सेनापतीच्या हातात नसतो. त्याच्या हातात असते ते विशिष्ट रस्त्यावरचा गोळीबार अठ्ठेचाळीस तास थांबवणे, जखमी कैद्यांची अदलाबदल करणे, मृतदेह उचलू देणे, वेढ्यातल्या गावात औषधे जाऊ देणे, धान्याची जहाजे अडवू नयेत असा हुकूम काढणे.

एल साल्वादोरमध्ये १९८० ते १९९२ या काळात यादवी चालू होती. १९८५ मध्ये युनिसेफ आणि कॅथलिक चर्च यांच्या मध्यस्थीने दोन्ही बाजूंकडे मागणी गेली ती युद्ध संपवण्याची नव्हे, तर तीन दिवसांची. मुलांना लस देता यावी म्हणून तीन ठरावीक दिवशी बंदुका खाली ठेवाव्यात, इतकीच. ती मान्य झाली, सुमारे अडीच लाख मुलांचे लसीकरण झाले आणि युद्ध संपेपर्यंत हे ‘शांततेचे दिवस’ दरवर्षी पाळले गेले. पुढे गाझात पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण आढळल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये याच धर्तीवर, भागाभागांत ठरावीक तासांपुरती लढाई थांबवून, पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस देण्यात आले. युद्ध दोन्हीकडे चालूच राहिले, हे खरे. पण ज्या मुलांना लस मिळाली ती मिळालीच.

धर्मसंस्थांना ही युक्ती नवी नाही. मध्ययुगीन युरोपात सरदारांच्या आपसांतल्या लढायांनी शेतकरी भरडला जात असताना ९८९ मध्ये फ्रान्समधल्या शारू येथील धर्मसभेने शेतकऱ्यांची व गरिबांची गुरे लुटणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा सांगितली आणि १०२७ मध्ये पेर्पिन्याँजवळच्या तुलूझ (Toulouges) या गावी भरलेल्या सभेने शनिवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत लढाई निषिद्ध ठरवली. पुढे ही मुदत बुधवार संध्याकाळपर्यंत मागे ओढण्यात आली. इस्लामी परंपरेतील चार पवित्र महिनेही याच जातीचे आहेत. लढूच नका असे सांगून कोणी ऐकत नव्हते. या दिवशी लढू नका, याला हात लावू नका, असे सांगितल्यावर निदान काही जण ऐकत होते.

मागणी नेमकी असली म्हणजे ती मान्य होतेच असे मात्र समजू नये. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी डिसेंबर १९१४ मध्ये नाताळापुरती शस्त्रसंधी मागितली, ती सरकारांनी नाकारली. तरी पश्चिम आघाडीच्या काही भागांत सैनिकांनी आपण होऊनच त्या दिवशी खंदकाबाहेर येऊन एकमेकांचे मृतदेह पुरले. १ ऑगस्ट १९१७ रोजी पोप बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्र लिहिले, युद्धाला ‘निरर्थक कत्तल’ म्हटले आणि शस्त्रकपात, लवाद, बेल्जियममधून माघार, परस्परांच्या भरपाईची माफी असे मुद्दे मांडले. मुद्दे स्पष्ट होते, पण सगळे एकाच वेळी आणि सगळ्यांकडून मागितलेले होते, शिवाय प्रत्येक बाजूला पोप दुसऱ्याच्या बाजूचे वाटत होते. त्याच काळात व्हॅटिकनने युद्धकैद्यांचा ठावठिकाणा शोधून घरच्यांना कळवण्याचे आणि आजारी कैद्यांना तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये हलवण्यासाठी खटपट करण्याचे जे काम केले, त्याची फळे कितीतरी घरांना मिळाली. मसुदा करताना माझ्यासमोर हा फरक नेहमी असतो.

पत्र कोणाला

‘सर्व संबंधित’ या नावाचा माणूस जगात नाही. पत्रावर पद आणि शक्य असेल तर नाव असावे: अमुक देशाचे संरक्षणमंत्री, तमुक गटाचे प्रमुख, अमुक बंदराचा ताबा असलेला अधिकारी. दोन्ही बाजूंना लिहायचे असेल तर दोन वेगळी पत्रे लिहावीत, कारण दोघांकडून मागायच्या गोष्टी क्वचितच सारख्या असतात. वेढा घालणाऱ्याकडे वाट मागायची असते आणि वेढ्यात बसलेल्याकडे रुग्णालयाच्या गच्चीवरून तोफ हलवायला सांगायचे असते.

त्याआधीही एक पत्र असते, ते आपल्याच माणसांना. धर्मगुरूचा शब्द सर्वांत जास्त चालतो तो त्याच्या स्वतःच्या अनुयायांत. परक्या राजधानीतल्या मंत्र्याला लिहिलेले खरमरीत पत्र पुष्कळदा उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे होते. सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या प्रवचनात थेट शिपायांना हाक दिली: तुम्ही आमच्याच लोकांतले आहात, तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारत आहात, देवाच्या आज्ञेविरुद्ध असलेला हुकूम पाळायला कोणी बांधलेला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनाविधी चालू असतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. नेमक्या माणसाला नेमके सांगितलेले किती लागते, याचा याहून भयंकर दाखला नसेल, आणि म्हणूनच युद्धक्षेत्रात राहणाऱ्या कोणाचेही नाव त्याला स्वतंत्रपणे, सर्वांसमोर नव्हे तर एकट्याला विचारल्याशिवाय पत्राखाली घालू नये. सभेत ‘हो’ म्हणणारा माणूस घरी गेल्यावर ‘नको’ म्हणू शकतो, आणि तसे म्हणण्याची मोकळीक त्याला मिळाली पाहिजे.

आकड्यांचे काम

हा भाग वेळखाऊ आहे. आवाहने सर्वांत जास्त घसरतात ती इथेच, आणि विरोधकाला सर्वांत सोपा हात सापडतो तोही इथेच. एक आकडा चुकीचा निघाला की चर्चा मृतांवरून आकड्यावर सरकते.

पहिली चूक भाषांतरात होते. इंग्रजी बातमीतला ‘कॅज्युअल्टी’ हा शब्द मेलेल्यांना आणि जखमींना मिळून वापरला जातो. त्याला मराठीत ‘हताहत’ हा अगदी चपखल शब्द आहे, हत आणि आहत. पण घाईत त्याचे ‘ठार’ होते आणि पाच हजार हताहतांचे पाच हजार मृत होऊन बसतात. दुसरी चूक शून्यांची: मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे अब्ज, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही रात्री अकरा वाजता मसुद्यात ‘१२.३ लाख विस्थापित’ असे लिहिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घरे सोडून राहत होती; त्यांपैकी ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात होती. तिसरी चूक याच वाक्यात दडलेली आहे. सीमा ओलांडलेला तो निर्वासित, देशातच भटकणारा तो विस्थापित. दोघांना मिळणारे कायद्याचे संरक्षण वेगळे असते, म्हणून दोन शब्द अदलाबदलीने वापरू नयेत. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून पेटलेल्या युद्धात घर सोडलेल्यांची संख्या २०२४ अखेर १ कोटी ४३ लाखांवर गेली होती आणि त्यांतले बहुसंख्य देशाच्या सीमेच्या आतच होते. निर्वासित शिबिरांची छायाचित्रे पाहून लिहिणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच लोक सुटतात.

मृतांचा आकडा हाती आला की तो कोणत्या पद्धतीने आला, हे पाहावे. ढोबळमानाने तीन प्रकार असतात. एक, नाव आणि घटना पडताळून केलेली मोजणी. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय युक्रेनमधल्या नागरिकांची मोजणी अशी करते. फेब्रुवारी २०२२ पासूनच्या तीन वर्षांत तिने पडताळलेल्या नागरी मृत्यूंची संख्या १२,५०० हून अधिक होती आणि खरा आकडा याहून बराच मोठा असणार, असे ते कार्यालय प्रत्येक अहवालात सांगते. असा आकडा घेताना त्याच्यापुढचा ‘किमान’ हा शब्द गाळणे म्हणजे आकडा बदलणेच होय. दुसरा प्रकार, लढणाऱ्या एखाद्या बाजूच्या खात्याने किंवा रुग्णालयांनी दिलेली संख्या. ती खोटीच असते असे मुळीच नाही, पण त्यात नागरिक आणि लढवय्ये वेगळे केले आहेत का, ढिगाऱ्याखालचे धरले आहेत का, हे तपासावे आणि पत्रात स्रोत सांगावा. तिसरा प्रकार पाहणीवरून काढलेला अंदाज. काँगोत १९९८ ते २००७ या काळात ५४ लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने घरोघरच्या पाहण्यांवरून मांडला. त्यात गोळीने मेलेले थोडे आणि हिवताप, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण यांनी गेलेले फार. युद्ध नसते तर किती मेले असते, हा पायाचा आकडा कोणता धरायचा यावरून इतर अभ्यासकांनी त्या अंदाजावर जोरदार आक्षेप घेतले. असा आकडा वापरायला हरकत नाही, पण तो ‘अंदाज’ म्हणूनच द्यावा.

अप्रत्यक्ष मृत्यू मात्र वगळू नयेत, कारण युद्धाचा मोठा घास तोच असतो. येमेनमधल्या युद्धाने २०२१ च्या अखेरीपर्यंत ३ लाख ७७ हजार बळी घेतलेले असतील, असा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा अंदाज होता आणि त्यांपैकी जवळजवळ साठ टक्के मृत्यू भूक, दूषित पाणी आणि न मिळालेले उपचार यांमुळे झालेले होते. बॉम्ब पडतो तेव्हा कॅमेरा तिथे असतो. पंपाला वीज नाही म्हणून चार महिन्यांनी जुलाबाने दगावलेल्या तान्ह्या मुलाजवळ तो नसतो. आवाहनाने कॅमेऱ्यामागे न जाता त्या पंपाकडे जावे, आणि गंमत अशी की मागणीसुद्धा तिथेच सापडते: पंपाचे डिझेल अडवू नका.

आकडा फुगवण्याचा मोह आपल्या बाजूच्या माणसांबद्दल जास्त होतो. बोस्नियातल्या १९९२ ते १९९५ च्या युद्धात दोन ते अडीच लाख माणसे मेली, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. सारायेव्होच्या एका संशोधन केंद्राने नावानिशी यादी करायला घेतली आणि २००७ मध्ये ती सुमारे ९७ हजारांवर थांबली. यादी करणाऱ्यांवर आपल्याच लोकांचे दुःख कमी केल्याचा आरोप झाला. पण आज त्या युद्धातला नरसंहार नाकारू पाहणाऱ्यांपुढे ठामपणे उभी राहते ती अडीच लाखांची आठवण नव्हे, तर नाव, जन्मवर्ष आणि मृत्यूचे ठिकाण लिहिलेली ती यादी.

व्यवहारात एवढे करावे की मसुद्याबरोबर एक वेगळा कागद ठेवावा आणि त्यावर प्रत्येक आकड्यासमोर तो कोणी दिला, कोणत्या तारखेपर्यंतचा आहे आणि त्यात कोण धरलेले नाही, हे लिहावे. वेगवेगळ्या स्रोतांचे आकडे कधीही बेरजेला घेऊ नयेत. सह्या गोळा होईपर्यंत दहा दिवस जातात आणि आकडा शिळा होतो, म्हणून पाठवण्याच्या आदल्या दिवशी हा कागद पुन्हा तपासावा. मी एकदा हे केले नाही आणि तीन आठवड्यांपूर्वीचा आकडा ‘आजपर्यंत’ या शब्दासह छापून गेला. एका पत्रात तीनपेक्षा जास्त आकडे असू नयेत, असे माझे मत आहे. चौथा कोणी वाचत नाही.

आकड्याजवळ माणूस

संख्येच्या शेजारी एखादे दृश्य लागते, पण ते कमावलेले असावे. २४ जून १८५९ रोजी सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर आँरी द्युनाँ हा स्विस व्यापारी योगायोगाने जवळच्या कास्तिल्योने गावात पोहोचला. तिथल्या चर्चमध्ये जखमी जमिनीवर पडलेले होते आणि गावातल्या बायका कोण कोणत्या सैन्याचा हे न पाहता त्यांना पाणी पाजत होत्या, ‘सगळे भाऊच’ असे म्हणत होत्या. १८६२ मध्ये द्युनाँने हे सारे छोट्या पुस्तकात लिहिले आणि शेवटी दोनच गोष्टी सुचवल्या: शांततेच्या काळातच प्रत्येक देशात शुश्रूषेसाठी स्वयंसेवकांच्या संस्था तयार ठेवाव्यात आणि जखमींना व त्यांची सेवा करणाऱ्यांना संरक्षण देणारा करार राष्ट्रांनी करावा. १८६३ मध्ये रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनिव्हा करार झाला. दृश्य आणि मागणी यांचे याहून चांगले जोडकाम मला ठाऊक नाही: त्याने जे पाहिले त्यातूनच त्याने जे मागितले ते निघाले.

पाहिलेले नसेल तर ज्याने पाहिले त्याच्या शब्दांवर थांबावे. मुलाचे नाव, चेहरा, शाळा, शिबिराचा नेमका तंबू यांतले काही देऊ नये. दुःख दाखवण्यासाठी माणसाला पुन्हा उघड्यावर आणण्याची गरज नसते.

धर्मवचन कसे वापरावे

पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायांच्या कमरपट्ट्याच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ असे कोरलेले होते, आणि समोरच्या खंदकातही पाद्री होतेच. ज्या ग्रंथातून शांततेचे वचन काढायचे, त्याच ग्रंथातून युद्धाचे वचन काढणारा माणूस पलीकडे बसलेला असतो, हे धरूनच लिहावे. म्हणून वचनांची माळ ओवू नये. एकच वचन घ्यावे, आणि जे ते उद्धृत करतात त्यांनाच आधी बांधून टाकणारे घ्यावे.

असे वापरण्याचा एक उत्तम नमुना ६ सप्टेंबर १९५१ चा आहे. जपानबरोबरच्या तहासाठी सॅन फ्रान्सिस्कोत परिषद भरली होती. सिलोनचे प्रतिनिधी जे. आर. जयवर्धने यांनी वैर वैराने शमत नाही, प्रेमानेच शमते, हे बुद्धवचन सांगितले आणि त्यापाठोपाठ आपला देश जपानकडून भरपाई मागणार नाही, असे जाहीर केले. सिलोनवर जपानी बॉम्ब पडलेले होते. वचनाची किंमत बोलणाऱ्याने स्वतः मोजली, त्यामुळे ते वचन तिथे शोभेचे राहिले नाही.

सर्वधर्मीय पत्रकात प्रत्येक धर्माचे एकेक वचन टाकण्याची पद्धत असते. तिला माझा विरोध आहे, कारण त्यातून सहभोजनाचे ताट तयार होते, आवाहन नव्हे. त्याऐवजी दोन परंपरांत एकच विचार कुठे भेटतो ते शोधावे. एक जीव घेणाऱ्याने जणू सारे जग नष्ट केले आणि एक जीव वाचवणाऱ्याने जणू सारे जग वाचवले, हा विचार मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संहितेत आहे आणि कुराणाच्या पाचव्या सूरेत तर तो बनी इस्राएलांना, म्हणजे यहुद्यांना, सांगितलेला आदेश म्हणूनच आला आहे. ज्या युद्धात हे दोन समाज समोरासमोर आहेत तिथे याहून जास्त काही उद्धृत करण्याची गरज नाही.

आणखी एक लेख या कामासाठी पुन्हा पुन्हा वाचावा, तो अशोकाचा तेरावा शिलालेख. कलिंगातून दीड लाख माणसे नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली, असे जिंकणारा राजा स्वतः सांगतो. आकडे गोल आहेत, पण विभागणी पाहावी: नेलेले, मारलेले आणि नंतर मेलेले, असे तीन वेगळे हिशेब. पुढे तो म्हणतो की जे स्वतः सुखरूप राहिले त्यांच्याही आप्तमित्रांवर संकट आले म्हणजे तो घाव त्यांच्यावरच असतो. आणि त्या वेळी जेवढे मेले त्याच्या शंभराव्या, हजाराव्या हिश्श्याएवढे जरी आज मेले तरी आपल्याला ते जड वाटेल. पश्चात्ताप करणाऱ्याने हा लेख कलिंगातल्या धौली आणि जौगड येथे मात्र कोरला नाही. तिथे त्याऐवजी अधिकाऱ्यांना प्रजेशी न्यायाने वागण्याची ताकीद देणारे वेगळे लेख आहेत. ज्यांनी सोसले त्यांना आकडे ऐकवण्यापेक्षा कारभार सुधारण्याचा हुकूम दाखवावा, असे त्याला वाटले असेल का, हा माझा तर्क.

साक्षीदार की मध्यस्थ

मसुदा करणाऱ्या समितीत हमखास वाद होतो तो दोष कोणाला द्यायचा यावर. दोन्ही डगरींवर हात ठेवून कोणालाच न दुखावणारे गुळमुळीत पत्र लिहिले जाते, ते इथेच. वाद सोडवायचा असेल तर आपण कोण आहोत हे ठरवावे. साक्षीदार असू तर जे घडले ते कर्त्यासह लिहावे: ‘रुग्णालयावर हल्ला झाला’ असे नव्हे, तर कोणाच्या विमानाने केला ते, आणि दुसऱ्या बाजूने ओलीस धरले असतील तर तेही तितक्याच स्पष्ट शब्दांत. जे सारखे नाही ते सारखे करून दाखवू नये. जागतिक चर्च परिषदेच्या २०२२ मधील कार्ल्सरुए अधिवेशनाने युक्रेनवरील आक्रमणाला बेकायदा आणि असमर्थनीय म्हटले, तेव्हा रशियन ऑर्थोडॉक्स चर्च त्या परिषदेचे सदस्य होते आणि त्याचे प्रतिनिधी सभागृहात हजर होते.

मध्यस्थी करायची असेल तर भाषा वेगळी लागते, आणि बहुधा पत्र जाहीरही करायचे नसते. डिसेंबर १९७८ मध्ये बीगल सामुद्रधुनीतल्या तीन बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली यांची सैन्ये एकमेकांवर चालून जाण्याच्या बेतात असताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल सामोरे यांना पाठवले; ८ जानेवारी १९७९ रोजी दोन्ही देशांनी बळ न वापरण्याचे मान्य केले आणि अखेरचा तह व्हायला २९ नोव्हेंबर १९८४ उजाडले. मोझांबिकच्या यादवीत सुमारे दहा लाख माणसे गेल्यावर रोममधल्या सांत एजीदिओ या धर्मसमुदायाने सरकार आणि रेनामो हा बंडखोर गट यांना दोन वर्षांहून अधिक काळ आपल्या मठात बसवून बोलते ठेवले आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी करार घडवला. या दोन्ही कामांत कोणाचाही जाहीर निषेध झाला नाही. साक्षीदार आणि मध्यस्थ या दोन्ही भूमिका एकाच पत्रात बसत नाहीत. दोन्हींची गरज असेल तर दोन संस्थांनी त्या वाटून घ्याव्यात.

एक परिच्छेद, दोनदा

पुढील नमुना कल्पित आहे, पण त्याचा पहिला अवतार प्रत्येकाने पाहिलेला असेल.

“या भीषण युद्धात असंख्य निष्पाप जीवांचा बळी जात असून माणुसकीला काळिमा फासणाऱ्या या हिंसाचाराचा आम्ही तीव्र निषेध करतो आणि सर्व संबंधितांनी तातडीने शांततेचा मार्ग स्वीकारावा, असे कळकळीचे आवाहन करतो.”

‘असंख्य’ हा शब्द मोजण्याचे कष्ट टाळतो. ‘निष्पाप’ म्हटले की उरलेले मरायला योग्य होते असे नकळत सुचते. ‘नागरिक’ हा शब्द पुरेसा आहे आणि कायद्यातही तोच आहे. ‘काळिमा’ आणि ‘तीव्र’ यांनी फक्त लिहिणाऱ्याचे समाधान होते. आता तेच असे लिहून पाहावे:

“नदीच्या उत्तरेकडील जिल्हा रुग्णालयातली वीज नऊ दिवसांपासून बंद आहे आणि डायलिसिसवरचे रुग्ण दगावू लागले आहेत, असे तेथील डॉक्टरांनी आम्हांला २ तारखेला कळवले. दोन्ही सेनापतींना आमची विनंती आहे की येत्या शुक्रवारी सकाळी सहापासून रविवारी सायंकाळी सहापर्यंत पुलाच्या दोन्ही बाजूंना एक किलोमीटरपर्यंत गोळीबार थांबवावा आणि वीजवाहिनी जोडणाऱ्या पथकाला पूल ओलांडू द्यावा. आपण दोघांनी मान्य केल्यास आमच्यापैकी सहा जण हे साठ तास पुलावर उभे राहतील.”

यात धर्माचे नावही नाही, पण शेवटचे वाक्य धर्मसंस्थेशिवाय दुसरे कोणी लिहू शकेल असे मला वाटत नाही. मात्र ते लिहिण्यापूर्वी ते सहा जण कोण, हे ठरलेले असावे.

सह्या, वेळ आणि त्यानंतर

सह्यांच्या संख्येपेक्षा कोणाच्या सह्या शेजारी शेजारी आहेत, याला वजन असते. लायबेरियात २००३ मध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया पांढरे कपडे घालून मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज एकत्र बसू लागल्या आणि राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना निवेदन दिल्यावरही उठल्या नाहीत. घानाची राजधानी अक्रा येथे वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा तिथल्या सभागृहाचे दारच त्यांनी अडवले. १८ ऑगस्टला करार झाला. त्यांच्या नेत्या लेमा ग्बोवी यांना पुढे २०११ च्या शांतता नोबेलमध्ये वाटा मिळाला. दोन धर्मांच्या स्त्रिया एकाच सतरंजीवर आहेत, हे टेलर यांना कोणी वाचून दाखवावे लागले नाही.

वेळ सणाच्या आधीची निवडावी, सणाच्या दिवसाची नव्हे. हुकूम खाली पोहोचायला तीन-चार दिवस लागतात. पत्र छापायला देण्यापूर्वी किमान एक दिवस आधी ते ज्याच्या नावे आहे त्याच्याकडे पोहोचलेले असावे, कारण वर्तमानपत्रात वाचून कळलेली विनंती मान्य करणे कोणाही सत्ताधाऱ्याला जड जाते.

पत्र गेल्यावर समिती विखुरते, आणि आवाहन खरे मरते ते तिथे. उत्तर यूगांडात बंडखोर सैनिक लहान मुलांना पळवून नेत असत, म्हणून हजारो मुले रोज संध्याकाळी खेड्यांतून चालत गुलू शहरात येऊन उघड्यावर झोपत. तिथल्या कॅथलिक, अँग्लिकन आणि मुस्लिम धर्मगुरूंची पत्रके बरीच निघाली होती. जून २००३ मध्ये आर्चबिशप ओडामा आणि त्यांचे सहकारी गोणपाट घेऊन त्या मुलांबरोबर बसतळावर चार रात्री झोपले, आणि मग जगाच्या बातम्यांत ती मुले दिसली. प्रत्येक समितीला हे जमणार नाही. पण पाठवल्याच्या आठव्या दिवशी कोणी फोन करायचा, नकार आला तर मागणी साठ तासांवरून चोवीस तासांवर आणायची की नाही, आणि दुसरे पत्र कोणाच्या सहीने जाईल, एवढे पहिल्या बैठकीतच ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवावे. दुसऱ्या पत्राची सुरुवात पहिल्या पत्राच्या तारखेने आणि त्यानंतर त्या रुग्णालयात काय झाले, याने करावी.